अंगात किती गेलं

बाळापूरच्या थांब्यावर पार्वतीबाईंच्या शेजारी एक पोरगी आणि तिचा काका बसची वाट बघत भांडत होते.

"अणूच्या केमिस्ट्रीतली नोकरी काहून धरली, पल्लवे? किरणं लागली तर लेकरं होतील का? पाव्हण्यांनी लग्नाला नकार कळवला."

"कळवू द्या, काका! तिथं छातीला बिल्ला लावतेत. किरणं किती लागली ते बराबर मोजतेत. जास्त झाली तर कामावरून बाजूला करतेत."

"पण काम जहराचंच ना!"

"आन् तुमचा पिकावरच्या औषधाचा फवारा? नुसता रुमाल बांधून मारता. मागच्या साली चार दिवस दवाखान्यात होता. तवा अंगात किती गेलं, ते मोजलं कोणी?"



पार्वतीबाईंचा नवरा सकाळीच पाठीला फवारणीचा पंप अडकवून हळदीच्या शेतात गेला होता. त्यांना राहवलं नाही.

"व्हय गं पोरी, मग तसला बिल्ला आमाला काहून न्हाई?"