कल्पिता कोण, असं विचारतायत

(माजिवडा गावठाणात काळुराम भोईर यांचं घर. रविवारची दुपार. पुढच्या खोलीत त्यांची लग्न झालेली मुलगी कल्पिता आणि तिची कॉलेजपासूनची मैत्रीण स्वप्ना.)

स्वप्ना : ...आणि हा बघ, हा तर लिमिट आहे. ‘कल्पिता ही व्यक्तीच नाही. कल्पित म्हणजे काल्पनिक. ज्या नवरीला हळद लावतायत ती नवरी अस्तित्वातच नाही.’ तीनशे बारा लाइक्स!

कल्पिता : बंद कर.

स्वप्ना : अगं, दुसरा म्हणतो कल्पिता म्हणजे खाडी. बुजवलेली खाडी. त्याच्याखाली तर मारामारी चाललीय नुसती.

कल्पिता : स्वप्ना, मी वाचलंय सगळं. शुक्रवारी अल्बम आला तेव्हापासून मी दुसरं काहीच केलेलं नाहीये.

स्वप्ना : मग टाक ना एकदा, की कल्पिता मी आहे. ‘खाजण’ बँडचा सगळ्यात जुना फॅन ग्रुप आपला. साडेचार हजार लोक. आणि अ‍ॅडमिनच्या नावाचं गाणं आहे हे एकालाही माहीत नाही, कारण मॅडम तिथे टोपणनावाने बसतात. संध्याकाळी डोंबिवलीला सगळे भेटतायत अल्बम ऐकायला. बँडचा गुरुदत्त स्वतः येतोय. तुला पुढे बोलवेल तो.

कल्पिता : आणि पुढे जाऊन काय बोलू? गातेय ती माझी आई? माझ्या नावाने गातेय, आणि ते मला ती गेल्यावर दोन वर्षांनी, रिक्षात बसून, इअरफोनवर कळलं?

स्वप्ना : मला वाटलेलं तुला बरं वाटेल गं. काकूंचा आवाज आहे.

कल्पिता : तू होतीस ना रेकॉर्डिंगच्या दिवशी इथे. मला ऑफिसमधून निघता आलं नाही म्हणून गुरुदत्तला तू घेऊन आलेलीस. माझं नाव कुठून आलं त्या गाण्यात? त्याने सांगितलं घालायला?

स्वप्ना : नाही.

कल्पिता : मग?

स्वप्ना : जाऊ दे ना. झालं ते झालं.

कल्पिता : स्वप्ना.

स्वप्ना : तो म्हणाला, मावशी, लग्नात गाता ना ते हळदीचं गा. काकू म्हणाल्या, नवरीच्या नावाशिवाय धवला होत नाही, कुणाचं नाव घालू? तो म्हणाला, कुठलंही चालेल. काकू म्हणाल्या, ‘मंग आमचे कल्पिताचा घालते. तिचा र्‍हायलाय.’

कल्पिता : असं म्हणाली? र्‍हायलाय?

स्वप्ना : हो.

कल्पिता : आणि तू हे दोन वर्षं पोटात ठेवलंस.

स्वप्ना : पाच महिन्यांत गेल्या गं त्या. अचानक. तुझी हालत काय होती तेव्हा! कधी सांगणार होते मी? आणि खरं सांगू, मला तेव्हा नीट कळलंच नाही काय राहिलंय ते. तुझं लग्न तर होऊन दोन वर्षं झालेली.

कल्पिता : तू माझ्या हळदीला आलेलीस. काय वाजत होतं?

स्वप्ना : डीजे.

कल्पिता : आम्हा आगरी लोकांच्या मांडवात हळद लागते ती धवला गाणार्‍या धवलारनीच्या तोंडून. भटजी नंतर. आई म्हणजे माजिवड्याची धवलारीन. बाळकुम, कोलशेत, पार दिव्यापर्यंत न्यायचे तिला, गाडी पाठवून. कितीतरी पोरींच्या हळदी गायल्या तिने. आणि मी तिला सांगितलं, आई, तू नको गाऊस. सुदेशकडची माणसं येणार, कणकवलीचे राणे, त्यांना कळणार नाही, हसतील.

स्वप्ना : काकू काय म्हणाल्या?

कल्पिता : बरं म्हणाली. भाकर्‍या थापत होती, थापत राहिली. आणि त्याच आठवड्यात, आठवतंय ना, आपण खाजणच्या शोला गेलेलो. मी रडलेले. घरी येऊन पोस्ट टाकलेली, ‘हा खरा मातीतला आवाज’. ती पोस्ट अजून आहे ग्रुपवर. वर पिन केलेली.

स्वप्ना : अगं, आपण सगळेच तसेच होतो तेव्हा.

कल्पिता : सगळ्यांच्या आया धवलारनी नव्हत्या. लाव एकदा.

स्वप्ना : नको आता.

कल्पिता : लाव. आवाज कमी ठेव, बाबा झोपलेत आत. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही... हां. हे बघ, इथे.

स्वप्ना : ‘भरतीचं पानी आयलं गो खारीला, हलद लावा लावा कल्पिता नवरीला...’

कल्पिता : आणि आता तुटतो. बघ. दीड मिनिटाला आवाज तुटतो, पुढे तीन मिनिटं नुसता तो सिंथ घुमत राहतो. सगळे म्हणतायत काय जबरदस्त कट मारलाय.

स्वप्ना : त्याने नाही मारलेला कट.

कल्पिता : म्हणजे?

स्वप्ना : काकू थांबल्या तिथे. गाता गाता थांबल्या. गुरुदत्त म्हणाला, मावशी, पुढचं? त्या म्हणाल्या, बास झाला. आणि उठून चहा ठेवायला गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

काळुराम : बंद का केलास?

कल्पिता : बाबा! तुम्ही कधी उठलात? असे दारात का उभे? या, बसा.

काळुराम : माना वाटला, सपान परलंय. तुजे आयेचा आवाज व्हता ना तो?

कल्पिता : हो, बाबा.

काळुराम : पयल्यापासून लाव.

स्वप्ना : काका, मोठ्याने लावू?

काळुराम : लाव गो मोठ्यानं. कुनाची चोरी हाय काय?

कल्पिता : बाबा, रडू नका ना.

काळुराम : नाय रडत. ही मदी घरघर कसली? बोरिंगची मोटार घातलीय काय पोरांनी?

स्वप्ना : सिंथ आहे ते, काका, इलेक्ट्रॉनिक वाद्य. त्यांचं म्युझिकच तसं असतं. थोडं वेगळं.

काळुराम : हां. तिचा आवाज पन बराबर हाय. सर्दी झाल्यावानी नाय, काय नाय. मोकला हाय.

कल्पिता : बाबा, तुम्हाला नको असेल तर मी आत्ता गुरुदत्तला फोन करते. काढून टाकायला सांगते. आईला कुणी विचारलंसुद्धा नाही, हे असं बाजारात येणार म्हणून.

काळुराम : काढू नको.

कल्पिता : मला ऐकवत नाही, बाबा. लोक वाचून दाखवतात, अर्थ लावतात. मला एकच कळतं त्यातलं. बाबा, आई माझ्यावर रागावलेली? हळदीवरून?

काळुराम : रागावली नाय.

कल्पिता : खरं सांगा.

काळुराम : खरा सांगू? मंग आयक. तुजे लग्नानंतर ती कुनाचेच मांडवात गेली नाय.

कल्पिता : घसा बसलेला तिचा. मला फोनवर बोलायची ना, घसा धरलाय. मी डॉक्टरकडे नेते म्हणून मागे लागलेले. तुम्हीपण तेच सांगितलेलं.

काळुराम : तिनं सांगाया लावला ते सांगितला. बालकुमची लोका दोन दोन बारी येऊन गेली. गाडी घेऊन आयली. ती आत बसून र्‍हायची, आन मी दारात उभा र्‍हावून सांगायचो, घसा बसलाय. घसा बरा व्हता.

कल्पिता : मग का?

काळुराम : मी पन इचारला, गो का नाय जात? तं बोलली, पोटचे पोरीला नको झाला, तो दुसर्‍याचे पोरीला कसा देऊ?

स्वप्ना : काका, नका ना आता.

काळुराम : तिनं इचारला म्हनून बोललो, बाय. नायतर कवा बोललो असतो? दोन वर्सं तिचे तोंडातून गान्याचा एक अक्षर आयकला नाय मी. सकाली चूल पेटवताना गुनगुनायची ती पन बंद. तवा यी पोरां आयली त्या दिवशी मी खाटेवर व्हतो आत. ती गाया लागली, तसा मी उठून बसलो. आन पुढं ती आत आयली, आन चहाचा आधन तसाच उतू गेला.

कल्पिता : मला एकदा फोन करून सांगायचं ना, बाबा. मी आले असते. मी तिच्यासमोर पाटावर बसले असते. पुन्हा हळद लावून घेतली असती.

काळुराम : असा लगीन परत नाय होत, पोरी.

स्वप्ना : कल्पू, पाणी घे. घे ना.

काळुराम : त्या गान्यावर तिचा नाव काय लिवलाय?

स्वप्ना : नाव... थांबा हं. इथे दिलंय. ‘गायन : पारंपरिक, माजिवडा.’

काळुराम : पारंपरिक कोन?

स्वप्ना : म्हणजे काका, असं लिहितात. पूर्वीपासून चालत आलेलं, कुणा एकाचं नाही.

काळुराम : गायली तं एकटीच. मी घरात व्हतो. सखुबाई काळुराम भोईर नाव हाय तिचा. कल्पिताचा नाव सगले लोकांना ठाव झाला, आन जी गायली तिचा नाय?

कल्पिता : स्वप्ना, फोन दे माझा.

स्वप्ना : काय करतेस?

कल्पिता : लिहिते. ग्रुपवरच लिहिते... ऐका, बाबा. ‘मी या ग्रुपची अ‍ॅडमिन. माझं नाव कल्पिता. मी काल्पनिक नाही, खाडीपण नाही. गाणारी बाई माझी आई, सखुबाई काळुराम भोईर, माजिवड्याची धवलारीन. ती दोन वर्षांपूर्वी गेली. माझ्या हळदीला मी तिला गाऊ दिलं नाही, कारण मला लाज वाटली. म्हणून तिने ते या रेकॉर्डिंगमध्ये गायलं. ते मध्येच थांबतं तिथे कुणी कट मारलेला नाही. तिला पुढे गाता आलं नाही.’

स्वप्ना : लाज वाटली हे कशाला? साडेचार हजार लोक आहेत गं. सुदेशच्या घरचे वाचतील.

कल्पिता : वाचू देत. बाबा, टाकू?

काळुराम : तुजा तू बघ. खोटा काय नाय त्यात.

कल्पिता : टाकलं.

स्वप्ना : आणि पिन केलेली ती जुनी पोस्ट?

कल्पिता : राहू दे तिथेच. दोन्ही वाचू देत... काय म्हणतायत, बघ.

स्वप्ना : वाचतायत. हे बघ, आला एक. ‘सॉरी ताई.’ तो काल्पनिकवाला आहे. कमेंट डिलीट केली त्याने. आणि गुरुदत्त मला मेसेज करतोय. म्हणतो, माझी चूक झाली, मी नाव विचारायलाच हवं होतं, आत्ता बसून बदलतो. मावशींचं नाव पहिलं लागेल. आणि म्हणतो, काकांना घेऊन याल का संध्याकाळी? गाडी पाठवतो. पहिलं गाणं काकूंचं लावू, सगळे उभे राहतील.

कल्पिता : बाबा, जाऊया? मी आहे बरोबर.

काळुराम : नको, बाय. तुमी जा.

स्वप्ना : या ना काका. किती लोकांना आवडलंय ते. बघा तरी, लोक कशा टाळ्या वाजवतात काकूंना.

काळुराम : तेच म्हनतो. धवला झाल्यावं कुनी टाल्या नाय वाजवत.

स्वप्ना : मग काय करतात?

काळुराम : काय नाय. नवरी उठते, आन धवलारनीचे पाया परते.