तापल्या इंजिनात पानी

माहा जलम अचलपूरच्या बाजूचा, माळ्याच्या घरचा. बाप वांगे, मेथी, शेवंती लावे आन मीबी तेच करो, लग्न झालं तरी तेच. मंग ज्याहिचा संत्र्याचा बगीचा आमी सांभाळो त्या वकीलसाहेबानं एक मोटार घेतली, छोटीच, मागून उघडी, संत्रे अमरावतीले न्याले. त्यावर करीमभाई डायवर आन मी माल चढवाले-उतरवाले. काय सांगू तुमाले, त्या मोटारीच्या वासानंच मी येडा झालो.

करीमभाई माह्याहून वीसेक वर्सानं मोठा, तोंडाचा तिखट, पन शिकवलं सारं त्यानंच. पेट्रोल तवा डब्यात ये, ते मलमलच्या फडक्यातून गाळून टाकीत टाकाचं. तो म्हने अगोदर ते विडी इझव, आपल्यासंग मले काहून जाळून राह्यला बे. सकाळी तेल पाय, पानी पाय, चाकाची हवा पाय, मंगच हँडल मार. आन गाडी तापली तं थंडी होऊ दे, तापल्या इंजिनात पानी टाकू नको, हे तं त्यानं मले शंभरदा सांगतलं असन.

त्या दिवशी जुम्मा होता. अमरावतीच्या रस्त्यावर गाडी तापली, वाफ निंगे. करीमभाईनं सावलीत लावली आन म्हने मी नमाज पढून येतो, तू हात लावू नको. आता आमी माळी लोक भर उन्हात तापल्या वाफ्याले पानी देत नाई, हे मले लहानपनापासून माईत. पन मले वाटलं, हा येईपर्यंत गाडी तयार ठेवली तं खुश होईन. फडक्यानं झाकन खोललं, वाफ जाऊ देली आन इहिरीचं गार पानी बकेटभर ओतलं. कड्डकन आवाज आला. मी झाकन लावलं, सांडलेलं पानी पुसलं आन बाजूले जाऊन बसलो.

तो आला, खाली वाकून पायलं, इंजिनाले चीर पडून पानी ठिपकून राह्यलं होतं. मंग माह्याकडे पायलं.

वकीलसाहेबानं आमाले दोघाईले उभं केलं. कोनं केलं म्हने. मी खाली मान घातली. करीमभाई एक घडीभर माही वाट पायत राह्यला, हो, वाटच पायली त्यानं, आन मंग म्हने साहेब, गाडी माह्या हाती होती. त्याच दिवशी त्याले काढलं. इंजिन दुरुस्त होऊन आलं तं गाडी मले चालवाले देली. आन मी घेतली, बावा. मले शरम नाई आली तवा, आता येते, रोज येते.

मंग एकदा अचलपुरात दिसला, टांगा हाकत होता. मले म्हने कसं काय, गाडी बरी चालते न? मी म्हनलं हो. तेवढंच. तो म्हने खुश राह्य, आन गेला. पुढच्या वर्सी वारला, मले मातीनंतर समजलं.

बायकोले माईत नाई, लेकराईले माईत नाई, तुमीच पह्यले. मोटारस्टँडवरचे डायवर लोक मले उस्ताद म्हनते. मी हात जोडतो, म्हनतो नका म्हनू बावा. त्याहिले वाटते म्हातारा किती साधा हाय, आन ते अजूनच पाया पडते.