टाकी वर आली

संघप्रिया : पुढं वाचू का इथंच थांबू?

बाळासो : वाच की. थांबायला काय झालं?

संघप्रिया : 'तरी गल्लीतील सर्व बंधू-भगिनींनी पिराजी गवंडी या लबाड इसमापासून सावध राहावे. त्याने माझ्या अंगणात पुरलेली दोन हजार लिटरची प्लॅस्टिकची टाकी, पुराच्या दुसऱ्याच दिवशी, फरशी फोडून वर आली असून माझी स्कूटर गटारीत पडली आहे.' पप्पा, हे तुम्ही गल्लीच्या ग्रुपवर टाकलंत?

बाळासो : टाकलं. तीन दिवस झाले. एकोणीस अंगठे आल्यात. पेपरात तीस वर्षं पत्रं लिवली, एवढे अंगठे कधी पडले न्हाईत.

संघप्रिया : टाकीत पाणी किती होतं?

बाळासो : कधी?

संघप्रिया : वर आली तेव्हा.

बाळासो : एक थेंब न्हवता. पूर येणार म्हटल्यावर मी स्वतः मोटर लावून रिकामी केली. पुराची घाण चांगल्या पाण्यात मिसळली तर? झाकण घट्ट बसवलं, वरनं चिकटपट्टी मारली. ह्या गल्लीत डोकं चालवणारा मी एकटाच हाय.

संघप्रिया : ही बादली भरलेली आहे. आणि हा रिकामा डबा, झाकण लावलेला. पाण्यात तळापर्यंत दाबा.

बाळासो : मी काय तू शिकवतीस त्या नववीच्या वर्गात हाय?

संघप्रिया : दाबा तर.

बाळासो : दाबतोय. हात वर रेटतोय गं हा. आता सोडू? ... आयला. सगळा सदरा भिजला की.

संघप्रिया : पाण्यात जेवढं खोल, तेवढा दाब जास्त. डब्याच्या बुडाला खालून जास्त रेटा बसतो, झाकणावर वरून कमी. जो फरक उरतो तो डब्याला वर ढकलतो. आता डबा पाण्यानं भरा आणि सोडा.

बाळासो : बसला तळाला.

संघप्रिया : भरलेल्या टाकीला आतलं पाणीच खाली धरून ठेवतं. तुम्ही तेच काढून घेतलंत.

बाळासो : पण पूर गेटापाशीच थांबलेला. अंगणात कुठं आलतं पाणी?

संघप्रिया : वरून नाही आलं. जमिनीच्या पोटातून चढलं. बाहेर चारी बाजूंनी पाणी आणि आत नुसती हवा. दोन हजार लिटरच्या टाकीला दोन टनांचा रेटा. वरच्या दिशेनं.

बाळासो : दोन टन.

संघप्रिया : आणि वर दाबून ठेवायला काय, तर थोडी माती, फरशी आणि तुमची स्कूटर.

बाळासो : म्हणजे मी टाकी वाचवली न्हाय. अंगणात होडी बांधली. आणि पाणी आत शिरू नये म्हणून वर चिकटपट्टी मारली.

संघप्रिया : बाकीच्यांना पण सांगितलं होतंत ना, टाक्या रिकाम्या करा म्हणून?

बाळासो : सांगितलं. दोनदा. एकानंबी ऐकलं न्हाय. तवा लई राग आलता. आज वाटतंय, माझं कोण ऐकत न्हाय म्हणून गल्ली वाचली.

संघप्रिया : पिराजीकाका काही बोलले नव्हते? टाकी बसवताना?

बाळासो : बोललेला.

संघप्रिया : काय?

बाळासो : पुराच्या टायमाला भरून ठेवा, म्हणाला. मी म्हटलं, तू थापी धर, डोकं माझं मी चालवतो.

संघप्रिया : पप्पा.

बाळासो : उडवतो तो मेसेज. बास?

संघप्रिया : मेसेज उडेल. वाचलेलं कसं उडवणार? आपल्या गल्लीतल्या अमरसिंह सरांनी बंगल्याचं काम काढून घेतलं पिराजीकाकांकडून. शेजारच्या तानाबाई सकाळी सांगत होत्या. आणि तुम्ही चंदगडच्या एसटीवर कंडक्टर असताना तुमच्याविरुद्ध कुणीतरी खोटी तक्रार केली होती, तेव्हा तुम्ही घरी बसून काय म्हणायचात?

बाळासो : म्हणायचो, लेकांनो, आधी मला एकदा विचारा तरी.

पिराजी : (फाटकातून) कंडक्टर, हायसा का घरात?

बाळासो : ये पिराजी. पहार घेऊन आलायस. टाकीला का माझ्या टाळक्याला?

पिराजी : टाकीला.

बाळासो : मी तुला लबाड लिवलंय.

पिराजी : व्हय. माझ्या पोरीनं दुसऱ्याच्या फोनवरनं वाचून दावलं. लई शुद्ध लिवलंय.

बाळासो : आणि तरी आलास?

पिराजी : येणारा-जाणारा बघतोय की. माझ्या हातचं काम असं उताणं पडलेलं मला बघवत न्हाय. एक सांगा, रिकामी केलतीसा न्हवं?

बाळासो : केलती.

पिराजी : वाटलंच.

बाळासो : मग ग्रुपवर तसं सांगायचं न्हाईस? चारचौघांत माझं तोंड बंद केलं असतंस.

पिराजी : मी न्हाय त्या ग्रुपात. गवंड्याला कोण घेतंय?

बाळासो : ... संघे, ते आवाज रेकॉर्ड करायचं दाब. लिहीत न्हाय मी. लिहायला बसलो की शहाणा होतो.

संघप्रिया : दाबलं. बोला.

बाळासो : मी बाळासो, रिटायर कंडक्टर. पिराजीनं टाकी चोख बसवलती. पुरात भरून ठेवा, असंबी सांगितलतं. मी ऐकलं न्हाय. मीच रिकामी केली, म्हणून पाण्यानं ती वर ढकलली. टाकी रिकामी आणि झाकण घट्ट, तशीच माझ्या डोक्याची गत...

संघप्रिया : पप्पा, अलंकार नकोत. मुद्द्याचं बोला.

बाळासो : बरं. पिराजीला लबाड म्हटलो ते खोटं हाय. त्याला न विचारता लिवलं. त्याची माफी मागतो. अमरसिंह सर, तुमच्या बंगल्याचं काम माझ्या लिखाणापायी काढून घेतलंसा, ते त्याला परत द्या. बास. बंद कर.

संघप्रिया : गेलं.

बाळासो : अंगठे?

संघप्रिया : एक. तानाबाईंचा.

बाळासो : खरं बोललं की एवढाच भाव.

पिराजी : पोरी, अमरसिंह सरांनी ऐकलं का गं?

संघप्रिया : अकरा जणांनी ऐकलंय, काका. त्यांचं नाव अजून दिसत नाही.

पिराजी : थांबतो मग. तवर खड्ड्यातला गाळ काढू. कंडक्टर, ती बादली घ्या.