मोठ्या सिस्टर थांबल्या नाहीत

आजच्या या निवृत्ती समारंभाचे अध्यक्ष, रुग्णालयाचे अस्थिरोगतज्ज्ञ आदरणीय डॉक्टरसाहेब. व्यासपीठावर विराजमान अधीक्षक मॅडम. परिचारिका महाविद्यालयाच्या प्राचार्य बाई. ज्यांच्यासाठी आपण सगळे कामं सोडून जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती, म्हणजे तुमच्या मोठ्या सिस्टर आणि माझी पत्नी. सर्व डॉक्टर, परिचारिका, कर्मचारी, आणि ड्यूटी चुकवून मागच्या दारात उभे असलेले सगळे बंधुभगिनीहो.

मी शिंपी आहे. भाषण हा माझा प्रांत नाही. गेली तीस-पस्तीस वर्षं मी मशीनवर मान खाली घालून बसलो आहे आणि बोललो असेन ते गिऱ्हाइकाच्या कमरेशी. तरीही अधीक्षक मॅडमनी मला "कुटुंबातर्फे दोन शब्द" बोलायला सांगितलं. मॅडम, दोन शब्दांत भागणार नाही. माझ्या मनात बरंच साठलं आहे.

माझ्याआधी पाच जण बोलले. पाचही जणांनी सांगितलं की सिस्टरनी वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी बेचाळीस किलोमीटरची मॅरेथॉन पूर्ण केली, केवढी ही प्रेरणा! टाळ्याही झाल्या. मीही वाजवल्या, मी पुढच्या रांगेत बसलो होतो, न वाजवून सांगतो कुणाला? पण मी तुम्हाला विचारतो, या प्रेरणेच्या घरात राहायचं कसं, हे तुमच्यापैकी कुणाला माहीत आहे का?

पहाटे साडेचारला गजर. तिचा एक, माझा एक, कारण तिचा वाजला की माझी झोप जातेच. स्वयंपाकघरात ओट्यावर केळी आणि मिठाच्या पाण्याच्या बाटल्या. दोरीवर शेजाऱ्यांना दिसतील असे मोजे. पायाच्या नखांचे तर काय हाल, ते मी या भरल्या सभेत सांगत नाही. आणि माझ्या धंद्याच्या दृष्टीने पाहिलंत तर आठ महिन्यांत तिचा एकेक कपडा मी चार वेळा आत घेतला. चार वेळा! चौथ्यांदा मी म्हटलं, "अगं, एकदाच काय ते ठरव, किती व्हायचंय ते." ती म्हणाली, "मला बारीक व्हायचंच नाहीये." मग काय व्हायचंय, हे काही बाईंनी सांगितलं नाही.

आणि खरं दुखणं तेच होतं. ही का पळते, हे मला कळेना. मी विचारलं नाही असं नाही. पण प्रत्येकाला वेगळं उत्तर. अध्यक्षमहाराज, तुम्हाला तिने कोलेस्टेरॉल सांगितलं होतं. आमच्या मुलीला फोनवर सांगितलं वजन. वरच्या मजल्यावरच्या वहिनींना सांगितलं, मोकळी हवा मिळते. मला सांगितलं, "अहो, सहज." आता मला सांगा, माणूस सहज म्हणून भाजी आणायला जातो, सहज म्हणून बेचाळीस किलोमीटर जातो का?

बरं, एकटी पळत होती तोवर ठीक होतं. मग साथ पसरली. तुमच्या या इमारतीतली निम्मी माणसं पहाटे रस्त्यावर दिसायला लागली. मी चिडून एकेकाला अडवून विचारलं, की बाबांनो, तुम्हाला झालंय तरी काय?

रेकॉर्ड विभागातले भाऊसाहेब म्हणाले, "घरात सात माणसं आणि एक बाथरूम. साडेचारला उठलं की पहिला नंबर माझा. मग उठलोच आहे तर पळून येतो." हे मला पटलं.

लिफ्टवाले काका म्हणाले, "दिवसभर स्टुलावर बसून लोकांना वर नेतो, खाली आणतो. संध्याकाळी घरी गेलो की बायको म्हणते, तुम्हाला दमायला काय झालं? आता निदान दमलोय असं म्हणता येतं."

आणि तुमच्या वॉर्डातल्या सफाईवाल्या मावशी, त्या दारापाशी उभ्या आहेत, हसताहेत. मावशी, सांगू ना? सांगतो. त्या म्हणाल्या, "मला शाळेत घातलंच नाही, मग बक्षीस कुठून मिळणार? इथे जो पोचेल त्याला पदक देतात. पहिला आलास का, असं विचारतसुद्धा नाहीत." त्यांनी दहा किलोमीटरचं पदक आणलं आणि त्या दिवशी वॉर्डातल्या तिसाच्या तीस खाटांवर फिरवलं. एका आजोबांनी ते गळ्यात घालून रक्तदाब मोजून घेतला म्हणे.

म्हणजे सगळ्यांची कारणं मिळाली. माझ्याच घरातलं कारण मिळेना.

एवढं मात्र मला आठवतं, की सुरुवात कशी झाली. पाच वर्षांपूर्वी मुलीने आईला पावलं मोजणारं मनगटावरचं यंत्र पाठवलं. पहिल्याच दिवशी ही ड्यूटीवरून आली, दारातच उभी राहिली आणि ते बघत बसली. मी म्हटलं, "आत ये की." ती म्हणाली, "अहो, मी आज अकरा किलोमीटर चालले." मी म्हटलं, "वा!" ती म्हणाली, "वा काय? अकरा किलोमीटर, आणि पहिल्या खाटेपासून तिसाव्या खाटेपर्यंत." मग पिशवी दारात ठेवली आणि तशीच ड्यूटीच्या बुटांनिशी खाली उतरली. मला वाटलं काही विसरली असेल. तासाभराने परत आली, घामाघूम. मी विचारलं, "कुठे गेली होतीस?" म्हणाली, "पुलापलीकडे." "काय आहे तिथे?" "काही नाही." आणि चहा टाकायला आत गेली.

मी त्यात काही पाहिलं नाही. शाळांच्या गणवेशांचे दिवस होते, माझ्यासमोर दीडशे हाफपँट पडल्या होत्या.

आता मुख्य गोष्टीवर येतो. घड्याळाकडे बघणाऱ्या संयोजकांना विनंती, की एवढं बोलू द्या. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, आणि अध्यक्षमहाराज, या गोष्टीशी तुमचाही संबंध आहे.

दोन वर्षांपूर्वी, त्या मॅरेथॉनच्या चार दिवस आधी हिला ताप आला. दोन दिवसांत उतरला, पण चेहरा उतरलेलाच होता. मी म्हटलं, "जाऊ नकोस." ती म्हणाली, "बघू." हिचं "बघू" म्हणजे काय ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही रजेचा अर्ज दिल्यावर तुम्हाला ते ऐकू आलेलं आहे.

ती गेली. मग मी एक बेत केला. बत्तिसाव्या किलोमीटरला पाण्याचं टेबल होतं. तिथे पोचेपर्यंत ही थकलेली असणार, आपण समोर उभं राहायचं, गोड बोलायचं आणि घरी न्यायचं. पलीकडच्या गल्लीत टॅक्सी थांबवून ठेवली. सोबत टॉवेल, गरम चहाचा थर्मास, तिची चप्पल. नवऱ्याने आणखी काय करायचं?

माणसं येत होती. कुणी लंगडत, कुणी स्वतःशीच बोलत. एक गृहस्थ मोठमोठ्याने पाढे म्हणत होते. सतराच्या पाढ्याला अडकले आणि तिथेच वळण घेऊन दिसेनासे झाले. मला हसूही येत होतं आणि चीडही. सुट्टीच्या दिवशी, कुणी मागे लागलेलं नसताना, ही शहाणीसुरती माणसं स्वतःचे हे हाल का करून घेतात?

आणि ही दिसली. पळणं कसलं, पाय ओढत होती. चेहरा पांढरा. मी थर्मास हातात घेतला, "अगं, इकडे, इकडे!" म्हणत फुटपाथवरून खाली उतरलो, आणि उजवा पाय गटाराच्या झाकणाच्या कडेवर पडून आत वळला. कट् असा आवाज झाला. मी खाली, थर्मास रस्त्यावर, चहा माझ्या पँटवर.

ही थांबली. गुडघ्यावर बसली. दोन बोटांनी घोट्याभोवती दाबत गेली. एका जागी मी ओरडलो. तिने त्याच जागी पुन्हा दाबलं. मग माझ्याकडे पाहिलं, पुढच्या रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मुरगळलाय. बसा इथेच."

पाणी वाटणाऱ्या एक काकू होत्या, त्यांना वॉर्डातल्या आवाजात हुकूम सुटला, "यांना खुर्ची द्या. पाय वर ठेवा. बर्फ लावा. बुटाची नाडी सोडा. आणि काही झालं तरी उठू देऊ नका." मी म्हटलं, "अगं, टॅक्सी आहे! आपण दोघं..."

"येते," म्हणाली. आणि गेली.

गेली हो! नवरा रस्त्यात बसलाय, आणि ही गेली!

मी पावणेदोन तास त्या खुर्चीत बसलो होतो. काकूंनी मला बिस्किटं दिली. येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्या सांगत होत्या, "यांच्या मिसेस पळताहेत," आणि लोक माझ्यासाठी टाळ्या वाजवत होते. माझ्या रागाला त्या दिवशी सीमा नव्हती. टॅक्सीवाला दोनदा येऊन बघून गेला, दुसऱ्यांदा म्हणाला, "साहेब, बाईंना न्यायला आला होतात ना?"

शेवटी ही आली, आयोजकांच्या गाडीतून, गळ्यात पदक. तशीच टॅक्सी इथे आणली. अध्यक्षमहाराज, तुम्ही फोटो काढलात, उजेडावर धरलात आणि म्हणालात, "घोट्याचं हाड मोडलंय. सहा आठवडे प्लास्टर. सिस्टर तिथेच होत्या ना? त्यांनी पाहिलं नाही?" मी म्हटलं, "पाहिलं. मुरगळलाय म्हणाल्या." तुम्ही हिच्याकडे पाहिलंत. ही खिडकीकडे बघत होती.

सहा आठवडे, ऐन गणवेशांच्या दिवसांत. शिंप्याचा उजवा पाय म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. मशीन पायावर चालतं. कापड कापून ठेवायचं आणि बघत बसायचं. हिने माझं सगळं केलं. पाठीमागे उशी, हातात गोळी, वेळेवर जेवण. पण मी तिच्याशी बोलत नव्हतो. चार दिवस. पाचव्या दिवशी ती माझी बोटं सुजलीत का ते पाहत होती, आणि माझ्या डोक्यात एकदम आलं. चौतीस वर्षं नोकरी केलेली बाई. डॉक्टर यायच्या आधी नुसत्या कण्हण्यावरून सांगते, हाड की स्नायू. हिला कळलं नाही?

मी म्हटलं, "तुला तिथेच कळलं होतं."

ती बोटं तपासत राहिली. म्हणाली, "हो."

"आणि तरी गेलीस?"

"अहो, सरकलेलं नव्हतं. रक्त फिरत होतं, बोटं गरम होती. पाय वर होता, बर्फ होता. ते हाड दोन तास थांबू शकत होतं." मग वर पाहिलं. "मी थांबले असते तर पुन्हा निघाले नसते. कुणाचं काही दुखलं की मी थांबते. चौतीस वर्षं थांबतेय. वॉर्डात थांबते, घरी येऊन तुमच्यापाशी थांबते. एकदा मला शेवटपर्यंत जायचं होतं. कुठे, ते महत्त्वाचं नाही."

"मग खोटं का सांगितलंस?"

"मोडलंय म्हटलं असतं तर तुम्ही मला जाऊ दिलं असतं?"

नसतंच जाऊ दिलं. माझ्या डोळ्यांसमोर एकतीस वर्षांचा संसार आला, आणि त्यात मी काय होतो, तर तीस खाटांच्या वॉर्डातला एकतिसावा रुग्ण. माझा पाय तर आत्ता मोडला होता. मी आधीपासूनच खाटेवर होतो. बटण तुटलं, हाक. चष्मा सापडेना, हाक. आणि ही प्रत्येक वेळी थांबली होती.

मला राग आला होता, हे मी लपवत नाही. अजूनही पावसाळी हवेत घोटा ठणकला की थोडा येतो. खोटं ते खोटंच. पण माणसं का पळतात, असं मी आता कुणाला अडवून विचारत नाही. कोलेस्टेरॉल म्हणाले तर कोलेस्टेरॉल.

असो. संयोजक उभे राहिलेत. आटोपतो.

या रुग्णालयाने हिला छत्तीस वर्षं सांभाळलं, हिचा कडक स्वभाव सोसला, त्याबद्दल आमच्या कुटुंबाच्या वतीने मी अधीक्षक मॅडमचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार मानतो. अध्यक्षमहाराज, हाड चांगलं जुळलं आहे, त्याबद्दल तुमचे वेगळे आभार. घरातली गोष्ट सभेत आणली, कुणाच्या खाजगी कारणांची थट्टा केली, शिंप्याच्या तोंडाने बोलताना कुठे टाका वाकडा पडला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.

आणि शेवटची विनंती. इथे येताना जिन्यावर तिघांनी मला म्हटलं, "आता काय, सिस्टर पूर्णवेळ तुमच्या वाट्याला!" कृपा करून असं म्हणू नका. उद्यापासून औषधांच्या कपाटाची दुसरी किल्ली कुठे आहे, हे विचारायला तुमचा फोन येणार, मला माहीत आहे. फोन मी उचलेन. मी सांगेन, ती बाहेर गेली आहे. कुठे गेली आणि कधी येणार, हे मी तिला विचारलेलं नसेल.

नमस्कार.