सिस्टर घसरून पडल्या नाहीत

जबाब देणार : सौ. राही हरेश झुगरे, वय अंदाजे २७ वर्षे, धंदा शेती व मोलमजुरी, शिक्षण चौथी, रा. करवंदपाडा, सूर्यमाळ परिसर, ता. मोखाडा, जि. पालघर.

मी आज रोजी पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन, कोणाच्या सांगण्यावरून अगर दबावाखाली नव्हे, समक्ष जबाब देते की,

वरील ठिकाणी मी, माझे पती हरेश, दीर रघु, जाऊ बाळी व तिची चार वर्षांची मुलगी रोशनी असे एका आवारात दोन घरे करून राहतो. मला सपना नावाची एक मुलगी होती. वय सहा वर्षे. ती हयात नाही. नागली, वरई कापून झाली की माझे पती भिवंडीकडे बांधकामाच्या कामाला जातात व शिमग्याला परत येतात. दरवर्षी मीही सोबत जात असे. यंदा सपनाला शाळेत घातल्याने मी घरी राहिले.

यंदा दिवाळीला पती मध्येच चार दिवस घरी आले होते तेव्हा त्यांना खोकला होता. तो आदल्या पावसापासूनचा होता. सिमेंटच्या धुळीने होतो असे ते म्हणत. सपना त्यांच्याजवळच झोपत असे.

संक्रांतीच्या सुमारास सपनाला ताप येऊ लागला. प्रथम भगताकडे नेले, नंतर उपकेंद्रातून गोळ्या आणल्या. ताप उतरे व पुन्हा येई. पुढे तिचे डोके दुखू लागले, उलट्या होऊ लागल्या व ती दिवसभर झोपून राहू लागली. एके सकाळी तिचा उजवा डोळा नाकाकडे वळलेला दिसला. मी तिला पाठीशी बांधून खाली रस्त्यावर आणले व मिळेल त्या गाडीने मोखाड्यास नेले. तेथून आम्हांस जव्हारला पाठवले.

जव्हारच्या दवाखान्यात जयवंती सिस्टर मला प्रथम भेटल्या. मेंदूचा टीबी झालेल्या लहान मुलांना कोणते औषध किती द्यावे याचे संशोधन चालू होते, त्या कामावर त्या होत्या. त्यांचे माहेर जव्हारकडच्या वांगणीचे असल्याने त्यांना आमची बोली समजत होती. डॉक्टरांनी सांगितले की पाठीच्या मणक्यातून थोडे पाणी काढून तपासल्याशिवाय आजाराची खात्री होणार नाही. सपनाला कुशीवर निजवून, गुडघे पोटाशी घेऊन वाकवून धरावे लागते. ते मी धरले. सुई घातली तेव्हा ती रडली नाही.

पाणी तपासून डॉक्टर म्हणाले की मेंदूच्या आवरणाला टीबी झाला आहे, व यायला उशीर झाला आहे. औषध त्याच दिवशी सुरू केले. त्यानंतर संशोधनाबाबत जयवंती सिस्टरनी मला बाजूला बसवून समजावले. मी त्यांना विचारले, "म्हणजे तुमी माझ्या पोरीवर शिकनार?"

त्या म्हणाल्या, "हो, शिकणार. खोटं कशाला सांगू? टीबीच्या गोळ्या सगळ्याच पोरांना मिळतात. निम्म्या पोरांना त्यातलं एक औषध जास्त ताकदीचं देतात. कोणाला द्यायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, मी नाही आणि डॉक्टरही नाहीत. जास्त दिल्यानं पोरं वाचतात का, ते अजून कोणालाच ठाऊक नाही. ते ठाऊक नाही म्हणून तर हे चाललंय. तू नाही म्हणालीस तरी सपनाचं औषध थांबणार नाही."

मी पतीस फोन लावला. त्यांना सर्व सांगितले. ते म्हणाले, "तुला समजल तसा कर. पोर वाचव." हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे त्यांनी पाड्यात सर्वांना सांगितले की त्यांना कोणी विचारलेच नाही. मी संमती दिली. सही मी स्वतः केली आहे. मला फसवलेले नाही.

औषध सुरू झाल्यावर सपनाचा ताप कमी झाला. एके दिवशी तिने मला ओळखले व नागलीची भाकर मागितली. दवाखान्यात भाकर नव्हती. मी बाजाराच्या रस्त्याला जाऊन एका बाईकडून मागून आणली. परत आले तोवर तिला झटके सुरू झाले होते. डोक्यात पाणी साचले म्हणून तिला नाशिकला मोठ्या दवाखान्यात नेले. जयवंती सिस्टर गाडीत सोबत होत्या. नाशिकला सपना वारली. त्या दिवसाबाबत मला आणखी काही सांगायचे नाही.

पती भिवंडीहून थेट पाड्यावर आले. माती दिल्यावर ते परत कामावर गेले नाहीत. पाड्यात बोलणे सुरू झाले की पाठीतले पाणी काढल्यानेच पोर गेली, पाणी गेले म्हणजे जीव गेला. माझ्या तोंडावर कोणी बोलत नसे. मी झऱ्यावर गेले की बाया आपल्या मुलांना जवळ ओढून घेत. पती घरातच बसून असत. त्यांचा खोकला वाढला होता व ते अंगाने उतरले होते. आमचे आपसात बोलणे नव्हते.

होळीच्या आदल्या दिवशी सकाळी जयवंती सिस्टर पाड्यावर आल्या. गाडी ओढ्यावरच्या मोरीच्या पुढे चढत नाही, त्यामुळे दवाखान्याच्या गाडीचे चालक नीलेश खालीच थांबले व सिस्टर एकट्या वर चालत आल्या. त्या माझ्याजवळ ओट्यावर बसल्या. मी विचारले की सपनाला कोणते औषध होते, साधे की जास्त ताकदीचे. त्या म्हणाल्या, "मलाही ठाऊक नाही ग. सगळ्या पोरांचं औषध पुरं होईल तेव्हाच कोणाला काय दिलं ती यादी उघडतील. तेव्हा मी स्वतः येऊन तुला सांगेन." मी म्हणाले की सांगून आता काय उपयोग. त्यावर त्या म्हणाल्या, "मी लहान असताना आमच्या वांगणीत एका वर्षात कितीतरी पोरं गेली, तेव्हा माझा मोठा भाऊ पण गेला. कुणी म्हणालं भुकेनं, कुणी म्हणालं तापानं. कशानं गेला ते कुणी तपासलंच नाही. आई अजून विचारते."

नंतर त्यांनी पिशवीतून झाकणाच्या छोट्या बाटल्या काढल्या व म्हणाल्या की घरातील सर्वांची थुंकी तपासायची आहे. मी कारण विचारले. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "लहान पोरांना हा आजार असाच आपोआप होत नाही. घरातल्या कुणा मोठ्या माणसाच्या खोकल्यातून होतो. त्या माणसाला कळतही नाही. त्यात त्याचा गुन्हा नसतो. पण त्याला औषध दिलं नाही तर दुसरं पोर आजारी पडतं." त्यावेळी जाऊ बाळी रोशनीला कडेवर घेऊन दारात उभी होती. रोशनी खोकत होती.

माझे पती आतल्या खोलीत होते. ते बाहेर आले व म्हणाले, "काय बोललीस? परत बोल."

सिस्टर उठून उभ्या राहिल्या व म्हणाल्या, "दादा, मी कुणाचं नाव घेतलं नाही. फक्त तपासू. बसा जरा."

पती म्हणाले, "माझ्या पोरीला मी मारला? पानी तुमी काढला, सुया तुमी टोचल्या, आन् मारला मी?"

सिस्टर म्हणाल्या, "कुणीच मारलं नाही दादा."

ओट्याशेजारी होळीसाठी आणलेली ऐनाची लाकडे रचलेली होती. पतींनी त्यातील एक उचलून सिस्टरच्या डोक्यात डाव्या बाजूला मारले. एकदाच मारले. सिस्टर ओट्यावरून खाली पडल्या. पती लाकूड टाकून तेथेच खाली बसले व खोकू लागले. दीर रघु त्यावेळी आवारात होते. त्यांनी सर्व पाहिले आहे. त्यांनी मारहाण केलेली नाही व थांबवायला त्यांना वेळही मिळाला नाही.

मी सिस्टरच्या डोक्याला माझा पदर दाबून धरला व उचलण्यासाठी आजूबाजूच्या पुरुषांना हाका मारल्या. ते जमा झाले होते. कोणी पुढे आले नाही. एक जण म्हणाला, "हात लावशीला तं तुझ्यावर येल." मी चादर आणली. जाऊ बाळीने रोशनीला खाली ठेवून चादरीचे एक टोक धरले. दिराने तिला अडवले तरी तिने टोक सोडले नाही. आरडाओरडा ऐकून चालक नीलेश धावत वर आले. आम्ही तिघांनी सिस्टरना खाली गाडीपर्यंत आणले. वाटेत त्या एकदा "बाटल्या" असे म्हणाल्या. त्यानंतर त्यांना शुद्ध नव्हती.

नीलेश त्यांना गाडीतून घेऊन गेल्यावर मी परत पाड्यावर आले तेव्हा पती घरात नव्हते. ओट्यासमोरची जागा शेणाने सारवलेली होती. पुरुषमंडळींनी बसून ठरवले होते की सिस्टर उतारावर पाय घसरून दगडावर पडल्या असे सर्वांनी सांगायचे. आपले कर्मचारी चौकशीस आले त्यावेळी मला आतल्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावली होती व मी माहेरी गेल्याचे सांगितले होते. ज्यांनी तसे सांगितले त्यांची नावे मी देणार नाही. ती आमचीच माणसे आहेत. त्यांनीच माझ्या मुलीला माती दिली. परंतु सिस्टर घसरून पडल्या नाहीत.

आपण विचारल्यावरून सांगते की, मी आजच का आले याचे कारण असे. होळी झाल्यावर जाऊ बाळी कोणास न सांगता रोशनीला घेऊन जव्हारला गेली. तेथे रोशनीच्या छातीत टीबी निघाला. डोक्यात गेलेला नाही. डॉक्टर म्हणाले की वेळेत आणली, औषधाने बरी होईल. तेथेच बाळीला चालक नीलेश भेटले. त्यांनी सांगितले की जयवंती सिस्टर नाशिकला आहेत, त्यांनी डोळे उघडले आहेत, माणसे ओळखतात, परंतु त्यांना शब्द सापडत नाहीत व उजवा हात उचलत नाही. त्यांच्या आई उशाशी बसून असतात. त्यांचा जबाब घ्यायला गेलेले साहेब तसेच परत आले.

बाळीने हे मला झऱ्यावर सांगितले. ती म्हणाली, "वहिनी, मला त्याच घरात राहायचाय, मी बोलू शकत नाय. तू बोल." माझे त्या घरात आता कोणी नाही. म्हणून मी आले.

माझे पती कोठे आहेत असे मला येथे आल्यापासून विचारण्यात आले. प्रथम मी माहीत नाही असे सांगितले. ते खोटे होते. मला माहीत आहे व मी त्यांना भाकर नेऊन देते. काल मी गेले तेव्हा ते पडून होते. खोकल्यातून रक्त पडत होते ते त्यांनी पानाखाली झाकून ठेवले होते. त्यांनी मला विचारले, "राही, ती खरा बोलली का ग? माझ्याच खोकल्यानी?"

मी म्हणाले, "तपासल्याबिगर कसा कळंल?"

ते म्हणाले, "नाय तपासायचा. मी असाच जाईन. मला कळला तं मी काय करू?"

मी त्यांच्याजवळ थोडा वेळ बसले. पाणी पाजले व परत आले. वाटेत मी ठरवले.

माझ्या पतीवर जो काही गुन्हा असेल तो दाखल करावा. त्याबद्दल मी त्यांच्या बाजूने काही सांगणार नाही. परंतु त्यांना आणल्यावर कोठडीत इतर माणसांजवळ ठेवण्याआधी दवाखान्यात न्यावे, त्यांची थुंकी तपासावी व जो आजार निघेल त्याचे औषध रोज कोणीतरी समोर उभे राहून द्यावे. ते स्वतःहून घेणार नाहीत. आपणांस मी तेथे आणले असे त्यांना सांगू नये. सांगितले तरी चालेल.

ते लपले आहेत ती जागा रस्त्यावरून दिसत नाही. गाडी खाली ठेवावी लागेल. आपले लोक चारी बाजूंनी गेले तर ते पळतील, व त्यांना आता पळवत नाही, छाती फुटेल. म्हणून मी पुढे चालते. मी हाक मारली की ते बाहेर येतात.

माझा हा जबाब महिला पोलीस शिपाई नीता यांनी मला सावकाश वाचून दाखवला. जेथे मला अडले तेथे त्यांनी आमच्या बोलीत सांगितले. मी जे बोलले तेच यात आहे, कमीजास्त केलेले नाही, ते मला मान्य आहे म्हणून खाली सही करते.

सही : राही हरेश झुगरे

समक्ष : तपासी अंमलदार