क्रॉयडनच्या बसमध्ये टेक्ससची काळजी

लंडनमधल्या क्रॉयडनच्या बसमध्ये पुढच्या सीटवरून मराठी ऐकू आलं, तशी कस्तुरीने इयरफोन कानातच ठेवून गाणं तेवढं बंद केलं. पुढे नवरा-बायको बसले होते.

"मतदानाला फोटो आयडी मागितला तर त्या अमेरिकनांना एवढं झोंबतं कशाला, मीनाक्षी? दाखवा की. लपवायचंय काय?"

"तुला काय त्याचं?"

"अगं, लोकशाही आहे ती. तिकडे पडलेला म्हणतो मीच जिंकलो. टेक्ससमध्ये मतदारसंघ असे कापलेत, जशी तुझ्या दादाने जमिनीची वाटणी केली."

"दादाला मध्ये आणू नकोस. आणि आज इथे कौन्सिलचं इलेक्शन आहे."

"असेना. आपण व्हिसावर. आपल्याला कुठलं मत?"

"आहे. भारतीयांना इथे देता येतं, कॉमनवेल्थवाले म्हणून. आपली दोघांची नावं मी मतदार यादीत कधीच घातलीत. सकाळी मत देऊनही आले."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. तू तेव्हा मोबाइलवर टेक्ससमध्ये होतास."

"मग चल, मीही देतो. कुठे आहे?"

"पुढच्या स्टॉपच्या शाळेत. पासपोर्ट आणलायस?"

"पासपोर्ट कशाला?"

"फोटो आयडी लागतो. तुझं ऑफिसचं कार्ड चालत नाही."

नवऱ्याने खिसे चाचपले. शाळेचा स्टॉप आला आणि मागे गेला.

"साधं मत द्यायला पासपोर्ट? माणसाने काय तो खिशात घेऊन फिरायचं? मुद्दाम करतात गं हे. आपल्यासारख्यांनी मत देऊ नये म्हणून."