सातव्या खंडाची मुदत

दि. २६/०३/२०२५

नाव : केशोराव मंगरूजी टेंभरे, वय ६१ वर्षे, धंदा : ग्रंथपाल, रा. आमगाव, जि. गोंदिया.

मी आज दुपारी बोलावल्यावरून पोलीस ठाण्यात हजर आलो आणि विचारल्याप्रमाणे समक्ष सांगतो की,

मी एकतीस वर्षांपासून बाजार लाइनीतील सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. झाडू मारणे, कुलूप लावणे, फाटकी पुस्तके चिकटवणे हेही माझ्याकडेच आहे. तक्रारदार ईश्वरदास जायस्वाल यांचे समोरच हार्डवेअरचे दुकान आहे. ते शाळेत होते तेव्हापासूनचे आमचे वाचक. लाइनीत कोणाचे दुकान बंद असले की कुरिअरवाला पार्सल माझ्याकडे ठेवून जातो. आजवर कोणाचे काही हरवले नाही.

ईश्वरदास १ मार्चला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेले. ४ मार्चला सकाळी अकराच्या सुमारास एक जड पार्सल आले. वर त्यांचे नाव व 'द्वारा वाचनालय' असा पत्ता होता. त्यांचे वडील दर मार्चमध्ये वाचनालयाला पुस्तके देत. वडील वारल्यापासून पुस्तके येणे बंद झाले. दिवाळीत ईश्वरदास मला म्हणाले होते, "केसोभाऊ, इस साल लायब्ररी को कुछ देता हूँ." हे तेच, असे मी धरून चाललो. फोन केला नाही. नुकत्याच ऑपरेशन झालेल्या माणसाला कशाला त्रास, असे वाटले. तिथेच माझे चुकले.

पार्सलमध्ये लाकडी पेटी व पेटीत दहा पुस्तके होती. समुद्र, बेटे, जंगले यांवर लिहिणाऱ्या एका जुन्या लेखकाच्या कादंबऱ्या व कथा नव्याने छापलेल्या होत्या. लेखकाचे नाव पंचनाम्यात आले आहे. कापडी बांधणी, सोनेरी अक्षरे, प्रत्येकावर पारदर्शक वेष्टण. मी वेष्टणे काढली. त्याच दिवशी दाखल रजिस्टरला ११४०६ ते ११४१५ असे क्रमांक दिले. पहिल्या पानावर, एक्कावन्नाव्या पानावर व शेवटच्या पानावर शिक्का मारला. कण्यावर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवली, ती सोनेरी अक्षरांवर आली. आत तारखेची चिठ्ठी लावली. प्रत्येक पुस्तकात 'प्रत ८७/३००' असे छापलेले होते. एका पुस्तकाला दोन क्रमांक असू नयेत म्हणून मी तो लाल शाईने खोडला व खाली सही केली. पेटी चांगली होती म्हणून तीत वाचकांची कार्डे ठेवली. हे सर्व मी केले. दुसऱ्या कोणाचा हात नाही.

२० मार्चला ईश्वरदास काळा चष्मा लावून वाचनालयात आले व पार्सल विचारले. मी कौतुकाने कपाट दाखवले. त्यांनी एक पुस्तक काढून लाल शाईने खोडलेला क्रमांक पाहिला. मग म्हणाले, "तीन सौ ही छपे हैं, दो साल पहले बुक किया था, भाऊ. मैं तो खोलने वाला भी नहीं था." शाळेत असताना हीच पुस्तके त्यांनी आमच्याकडून फाटक्या प्रतींतून वाचली होती, म्हणून कोरा संच घरी हवा होता, असे त्यांनी सांगितले. पुस्तक घ्यायचे आणि उघडायचे नाही, हे माझ्या डोक्यात अजून शिरलेले नाही. पण त्यांच्या डोळ्याला पाणी आलेले मी पाहिले, ते ऑपरेशनचे नव्हते. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

नऊ खंड व पेटी मी त्याच दिवशी परत दिली. सातवा खंड कपाटात नव्हता. तो ११ मार्चला वाचकाला दिला आहे. त्यावरून त्यांनी २२ मार्चला माझ्याविरुद्ध तक्रार दिली.

वाचकाचे नाव विचारता मी सांगत नाही. कोण काय वाचतो हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. एवढे सांगतो की वाचक सालेकसा तालुक्यातील एक वयस्क बाई आहेत. आमच्याकडे सातव्या खंडातील कादंबरीची जुनी प्रत होती, तिची शेवटची सोळा पाने वाळवीने खाल्लेली होती. ती प्रत बाईंनी १९९८ साली नेली होती. परत करताना सूचनावहीत 'पुढे काय झाले?' असे लिहिले. ती वही मी सोबत आणली आहे. त्याखाली उत्तराची जागा कोरी आहे. नवीन पुस्तक दाखल झाल्यावर मीच निरोप पाठवला.

पुस्तक न्यायला त्यांचे मालक, म्हणजे पती, आले. बाईंना आता इलाज नाही म्हणून नागपूरच्या दवाखान्यातून घरी न्यायला सांगितले आहे, असे ते म्हणाले. मी म्हटले, नुसती शेवटची सोळा पाने वाचून दाखवा. ते म्हणाले, "नाही ना भाऊ. पयल्यापासून वाच म्हणते. सत्तावीस वर्सं झाली, इसरली म्हणते."

मुदत २५ मार्चची होती. २४ तारखेला मालकांचा फोन आला. मी तक्रारीचे सांगणार होतो. ते म्हणाले, "केसोभाऊ, थ्या सोळा पानापाशी येऊन राहिलो. पण आता अर्धं पान झालं का बस म्हणते. उद्यासाठी ठेव म्हणते. मी म्हटलं, काऊन? त पुस्तकच मिटवून ठेवते."

मी तक्रारीचे सांगितले नाही. पुस्तक समोर असल्याशिवाय मुदत वाढवायची नाही असा नियम आहे. तो मीच लिहून भिंतीवर लावला आहे. तरी मी ८ एप्रिलपर्यंत मुदत वाढवून दिली. रजिस्टरला नोंद आहे. त्यापुढे लागली तर आणखी देईन. मग मी स्वतः जाऊन खंड आणीन व ईश्वरदास यांच्या हाती देईन. तोवर मला अटक करायची तर करावी, माझी हरकत नाही. वाचनालयाची किल्ली सोबत आणली आहे.

काल सायंकाळी ईश्वरदास वाचनालयात आले. मी त्यांना हेच सर्व सांगितले, नाव सोडून. सोबत आणलेले नऊही खंड त्यांनी टेबलावर ठेवले व तिथेच राहू दिले. तक्रार मागे घेतो असे म्हणाले नाहीत. जाताना एवढेच विचारले, "सातवें में आखिर में क्या होता है, मुझे भी याद नहीं." मलाही ते माहीत नाही. आमची प्रत वाळवीने खाल्लेली, आणि नवीन मी वाचली नाही, नुसते शिक्के मारले.

हवालदार साहेबांनी वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी तो शेवटपर्यंत ऐकला. मी सांगितले तसाच आहे, त्यात काही सुटलेले नाही.

सही/-
(केशोराव मंगरूजी टेंभरे)